बारशानंतरचे दिवस : मराठी साहित्यातील तान्हे मूल

पारंपरिक पाळण्यांचा रूपबंध पाहिला तर त्यात दिवस मोजलेले आढळतात. पहिल्या दिवशी काय झाले, दुसऱ्या दिवशी काय झाले, असे एकेक कडवे पुढे सरकते आणि बाराव्या दिवशी बाळाला नाव मिळते. राम, कृष्ण, शिवाजी यांच्या पाळण्यांपासून घरोघरच्या बारशाला म्हटल्या जाणाऱ्या पाळण्यांपर्यंत अनेक रचनांनी हा क्रम जपला आहे. नाव ठेवले गेले की गाणे संपते. तेराव्या दिवसाचे कडवे नाही. ('तेरावा' या शब्दाला आपल्याकडे भलताच अर्थ आहे, हे कारण गमतीने पुढे करता येईल, पण प्रश्न तेवढ्याने मिटत नाही.) नाव मिळालेले मूल कुळाच्या, गावाच्या, पुढेमागे कदाचित इतिहासाच्याही हिशेबात दाखल होते. त्यानंतर दूध, दुपटी, आंघोळ, धुरी, झोप, जाग आणि पुन्हा दूध असे जे काम महिनोन्‌महिने चालते, त्याचा हिशेब मात्र वाङ्मयाच्या वहीत क्वचितच सापडतो.

यावर तत्काळ असा आक्षेप येईल की मराठीत वात्सल्याची कमतरता केव्हा होती? आक्षेप खरा आहे. परंतु वात्सल्य आणि तान्ह्या मुलाबरोबरचे रोजचे जगणे या दोन गोष्टी एक नव्हेत. साहित्यदर्पणकार विश्वनाथाने वत्सल हा स्वतंत्र रस मानला, तेव्हा त्याने एका भावाला स्थैर्य दिले. रसव्यवस्थेला स्थायीभाव लागतो. मुलाजवळ काढलेल्या रात्रीत स्थायी असे काही नसते. तिच्यात माया असते, तशी चीड असते, कंटाळा असतो, झोपेची असह्य ओढ असते आणि मूल अचानक शांत झाले तर ते श्वास घेते आहे ना, ही धास्तीही असते. या सगळ्यांतून केवळ वात्सल्य गाळून घेतले की जे उरते ते मधुर असते, पण ती रात्र राहत नाही.

संतकाव्यात तान्हे मूल पावलोपावली भेटते. आपले बोलणे सदोष असले तरी मुलाच्या बोबड्या बोलांनी आईबाप जसे सुखावतात तसे श्रोत्यांनी सुखावावे, असे ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात ज्ञानदेव सुचवतात. मुलाच्या हिताची काळजी ते न मागता आई वाहते, हे तुकोबांच्या अभंगांतले लाडके उदाहरण आहे. जनाबाईच्या नावावर असलेल्या अभंगात विठ्ठलच लेकुरवाळा होतो आणि संतमंडळी त्याच्या अंगाखांद्यावर व भोवताली दिसतात. ही चित्रे हृद्य आहेत. तरीही एक गोष्ट नोंदवायला हवी : या सर्व ठिकाणी मूल उपमान आहे, उपमेय नाही. भक्ताची अगतिकता समजावी म्हणून मूल, देवाची करुणा समजावी म्हणून आई. उपमान नेहमी आधीच माहीत असावे लागते. ते वाचकाला सांगण्याची गरज नाही असे गृहीत धरूनच कवी त्याच्याकडे वळतो. घरातले मूल मराठी कवितेने अशा रीतीने कायम 'माहीत असलेले' म्हणून वापरले आणि म्हणूनच त्याच्याकडे पाहिले नाही, असे मला वाटते.

तुकोबांच्याच गाथेत याला एक विलक्षण अपवाद आहे. बायकोच्या तोंडी घातलेल्या त्या संतप्त अभंगांत घरातले दाणे, उपाशी पोरे, बाहेरच्यांना वाटून टाकणारा नवरा असा सगळा संसार उघडा पडतो. तिथे मूल कशाचेही प्रतीक नाही. ते भुकेले आहे एवढेच. आपल्या परंपरेने हे अभंग विनोदाच्या आणि 'कजाग जिजाई'च्या खात्यात टाकले. घरात काय शिजणार हा प्रश्न विचारणारा आवाज कवितेत आला की तो विनोदी ठरवायचा, ही सवय जुनी आहे. तुकोबांनी मात्र तो आवाज गाथेतून वगळला नाही, हे त्यांचे मोठेपण.

अर्वाचीन कवितेत या विषयाचा पहिला ठळक टप्पा म्हणजे दत्त कवींची (१८७५–१८९९) बाळाला निजवणारी कविता. अंधार, मोडकळीस आलेले घर आणि दारिद्र्य यांच्या मधोमध एक आई मुलाला झोप म्हणते आहे. या कवितेच्या गोडव्याविषयी पुष्कळ बोलले गेले. मला तिची रचना महत्त्वाची वाटते. आई जे बोलते त्यातले बरेचसे मुलाला कळणारच नाही असे आहे. अंगाईचा हा अंगभूत विरोधाभास होय. ज्याला उद्देशून ती म्हटली जाते त्याला भाषा येत नाही आणि जिला भाषा येते ती स्वतःशीच बोलत असते. शिवाय साऱ्या वाङ्मयात हा एकच प्रकार असा, की ज्याचे यश श्रोता झोपी जाण्यात आहे. श्रोता झोपला की गाणारीने थांबायचे असते, मग कल्पना कितीही रंगात आलेली असो. दत्त कवींना आयुष्याची पंचविशीही लाभली नाही. त्यांचा मुलगा वि. द. घाटे पुढे मराठी गद्याचा एक समर्थ लेखक झाला. लहानग्या वयात बाप गमावलेल्या त्या मुलाच्या लेखनाकडे या अंगाईचे उत्तर म्हणून कोणी पाहिले आहे काय, हा वेगळ्या अभ्यासाचा विषय होईल.

कादंबरीबद्दल थोडक्यात सांगता येते, कारण सांगण्यासारखे थोडेच आहे. 'रणांगण' (१९३९), 'कोसला' (१९६३), 'सात सक्कं त्रेचाळीस' (१९७४) या मराठी कादंबरीला वळण देणाऱ्या कृतींच्या नायकांच्या मांडीवर मूल नाही. एकाकीपण ही आधुनिकतेची अट मानली गेल्यावर ते असणारही कसे? 'श्यामची आई'मध्ये (१९३५) मूल आहे, पण ते बोलणारे, आठवणारे, मोठे होऊन गोष्ट सांगणारे मूल आहे. प्रकाश नारायण संतांच्या 'वनवास'पासून (१९९४) सुरू झालेल्या लंपनच्या कथांनी मुलाच्या जाणिवेला मराठी कथेत स्वतःची बोली मिळवून दिली, हे त्यांचे ऐतिहासिक कार्य. तिथेही मूल दहाएक वर्षांचे आहे. तान्हे मूल निवेदक होऊ शकत नाही. त्याच्याजवळ जागणारी व्यक्ती निवेदक होऊ शकते, परंतु तिला लिहायला सलग वेळ नसतो. आणि कादंबरी ही सलगतेची कला आहे.

या ठिकाणी ओवीकडे वळणे क्रमप्राप्त आहे. जात्यावरच्या ओवीची चर्चा आपण बहुधा तिच्या आशयासाठी करतो : माहेर, सासुरवास, भाऊ, विठोबा. तिच्या आकाराची चर्चा झाली ती मुख्यतः छंदाच्या अंगाने. मला वाटते की ओवीचा आकार एका विशिष्ट प्रकारच्या वेळेतून घडला आहे. पहाटेचे दळण, शेजारी किंवा मांडीवर निजलेले मूल, आणि ते केव्हाही उठेल ही शक्यता. ओवी दोन ओळींत पुरी होते. ती कुठेही थांबवता येते आणि थांबली तर अपुरी वाटत नाही. मुलाला पाजून पुन्हा जात्याशी बसले की पुढची ओवी सुरू करता येते आणि ती आधीच्या ओवीला जोडलेली असलीच पाहिजे असे बंधन नसते. पहिली, दुसरी, तिसरी अशी ओव्या मोजत जाण्याची पद्धतही याच गरजेतून आली असावी. खंड पडला तरी मोजणी हरवत नाही. पन्नासच्या दशकानंतर आपल्या समीक्षेने 'सेंद्रिय एकात्मता' हा कलाकृतीचा मोठा निकष मानला. व्यत्यय हीच जिच्या घडणीची मूळ अट आहे अशी रचना या निकषावर उतरणार नव्हतीच. तिला आपण 'लोकसाहित्य' म्हणून वेगळ्या फडताळात आदरपूर्वक ठेवले.

या ओव्यांतले मूल राघू असते, मैना असते, 'नेणते' असते. हा शेवटचा शब्द मला विशेष वाटतो. ज्याला अजून काही ठाऊक नाही ते, अशी व्याख्याच त्या शब्दात आहे, आणि ती कौतुकाने केलेली आहे. पण ओवीतले कौतुक कधी मोकळे सुटत नाही. मुलाच्या रूपाची वाखाणणी झाली की लगोलग दृष्टीची भीती येते, मीठमोहऱ्या येतात, गालावर तीट येते. या भीतीला अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत ब्रिटिश हिंदुस्थानात दर हजार जन्मांमागे दोनशेच्या आसपास अर्भके वर्षाच्या आत दगावत होती. नमुना नोंदणी पाहणीच्या २०२० च्या आकड्यांनुसार महाराष्ट्रात हे प्रमाण हजारी सोळापर्यंत खाली आले आहे. पाचांतले एक मूल जाणार हे प्रत्येक घराने पाहिलेले असताना कौतुकाचे वाक्य तोंडातून काढणे हेच धाडस होते. तीट म्हणजे त्या धाडसासाठी आधीच भरून ठेवलेला दंड. सहाव्या रात्री सटवाई येऊन कपाळी नशीब लिहिते म्हणून काही घरांत कोरा कागद आणि लेखणी ठेवत. तो कागद सकाळी कोराच सापडतो, हे सर्वांना माहीत असे.

साने गुरुजींनी १९४० च्या सुमारास 'स्त्री जीवन'मध्ये ओव्या विषयवार लावल्या, तेव्हा बाळाच्या ओव्या एकत्र आल्या आणि वाचकाला त्यांच्या सौंदर्याचा प्रत्यय आला. पण विषयवार मांडणीने त्यांचा आकार बदलला, हेही मान्य केले पाहिजे. दळताना मुलाची ओवी सासूच्या ओवीला लागून येत होती आणि तिच्या पाठोपाठ विठोबा येत होता. पुस्तकात त्या वेगवेगळ्या प्रकरणांत गेल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉयत्व्हाँ यांनी खेडोपाडीच्या बायकांसोबत बसून लाखाहून अधिक ओव्यांचे संकलन उभे केले. त्यात गाणारीचे नाव व गाव जपले गेले, याचे मोल फार आहे. मात्र ओवीचे गौरवीकरण करण्याच्या भरात एवढे विसरता कामा नये की तिच्यातही राघूचा तोरा मैनेपेक्षा मोठा आहे. लेकीचा जन्म हा ओवीत पुष्कळदा शोकाचा विषय आहे, आणि तो शोक करणारी स्वतः कुणाची तरी लेक आहे.

आणखी एक मर्यादा अशी की ओवीला निदान पहाट होती. गिरणीच्या भोंग्यावर घर सोडणाऱ्या बाईला तीही नव्हती. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बायका मुलांना अफूची 'बाळागोळी' देऊन निजवत, याच्या नोंदी तत्कालीन पाहण्यांत आहेत. अंगाईच्या इतिहासात या गोळीला स्थान द्यायला हवे. गाण्याचे काम गोळीकडे गेले, कारण गाणारी पाळीवर होती. मुंबई इलाख्यात प्रसूतिलाभाचा कायदा १९२९ साली झाला. नारायण सुर्वे हे याच गिरणगावात सापडलेले अर्भक. गंगाराम सुर्वे या कामगाराने त्याला उचलून घरी आणले आणि काशीबाईंनी वाढवले. सुर्व्यांच्या कवितेत पुढे कामावर निघालेली आई आली आणि घरातला वेळ भोंग्याने मोजला गेला. पण काशीबाईंच्या बाजूने, दुसऱ्या कुणाचे तान्हे पोर गिरणीच्या पाळ्या सांभाळून वाढवणे म्हणजे काय, याची संहिता आपल्याजवळ नाही. मध्यमवर्गीय घरात बाळबाळंतिणीला न्हाऊ घालायला येणारी बाई तर कथा-कादंबऱ्यांच्या दारातून आत येते आणि पाणी तापले की नाही विचारून नाहीशी होते. पाय लांब करून पाटावर बसणे, नडग्यांवर मूल पालथे घेणे, एका हाताने मान तोलत दुसऱ्या हाताने पाणी घालणे, टाळूवर तेल जिरवणे ही कारागिरी तिची असते. त्या वेळी तिचे मूल कोणाजवळ असते, हे विचारणारी कथा माझ्या वाचनात आलेली नाही.

स्त्रियांची आत्मचरित्रे येथे मदतीला येतील अशी अपेक्षा असते आणि ती अंशतःच पुरी होते. 'स्मृतिचित्रे' (१९३४–३७) हा मराठी गद्याचा मानदंड आहे यात शंका नाही. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा दत्तू जेमतेम साडेतीन वर्षांचा होता. त्या वादळात त्याला घेऊन लक्ष्मीबाईंनी काढलेली वर्षे हा या ग्रंथाचा गाभा आहे. लक्ष्मीबाईंची प्रतिभा मात्र प्रसंगाची आहे. त्यांना गोष्ट दिसते, तिच्यातला विनोद दिसतो, आणि दोन प्रसंगांमधले दिवस सहजपणे गळून पडतात. ही उणीव म्हणून मी सांगत नाही. आत्मचरित्र या प्रकाराची घडणच तशी आहे : ज्या दिवशी काही घडले तोच दिवस लिहायचा.

बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमचं'मध्ये (१९८६) मात्र दुसरेच काही घडते. तेथे एका बाईची नव्हे, वस्तीची कहाणी आहे आणि क्रियापदे वारंवार रीतिभूतकाळात जातात : असे होत असे, असे करत असत. बाळंत झालेल्या पोरवयाच्या बाईची भूक, तिला द्यायला घरात काही नसणे, त्या भुकेल्या अंगातून मुलाला पाजणे, हे एका प्रसंगाच्या रूपात येत नाही, रोज चालणाऱ्या गोष्टीच्या रूपात येते. या व्याकरणाकडे आपल्या समीक्षेने पुरेसे लक्ष दिले नाही. पुस्तकाचे वाचन 'सामाजिक दस्तऐवज' म्हणून झाले आणि त्याच्या रूपाची चर्चा तेवढ्यावर संपली. माझ्या मते दैनंदिनाला गद्यात पकडण्याचा मार्ग बेबीताईंना सापडला होता. तो त्यांना सापडला याचे एक कारण असे की, स्वतःला नायिका करण्याची ओढ त्यांच्या लेखनात नाही.

'आपली समीक्षा' असे मी वर म्हटले आहे त्यात मीही आलो. इंदिरा संतांना १९४६ साली वैधव्य आले तेव्हा तीन लहान मुले पदरी होती. त्यांच्या कवितेवर विरहाच्या अंगाने आपण जे अपार लिहिले त्यात ही तीन मुले कुठेच नाहीत. त्यांच्या कवितेतही ती फारशी नाहीत हे खरे. पण ती तिथे का नाहीत, हा प्रश्न समीक्षेने विचारायला हवा होता. तीसेक वर्षांपूर्वी एका तरुण कवयित्रीच्या पहिल्या संग्रहाचे परीक्षण करताना मी लिहिले होते की, कविता घरगुती अनुभवाच्या परिघाबाहेर जात नाहीत आणि अनेक ठिकाणी त्या मध्येच तुटल्यासारख्या वाटतात. संग्रहात तान्ह्या मुलाच्या वर्षातल्या सात-आठ छोट्या कविता होत्या. ते परीक्षण मी अलीकडे पुन्हा वाचले. 'तुटलेपण' हा शब्द मी दोष म्हणून वापरला आहे आणि ते कशाने आले असेल याचा विचार एका ओळीतही केलेला नाही. त्या कवयित्रीचा दुसरा संग्रह आला नाही. माझ्या परीक्षणामुळे आला नाही असे समजण्याइतका अहंकार मला नाही. पण त्या सात-आठ कविता मला आज पुन्हा मिळवाव्याशा वाटल्या आणि त्या मिळाल्या नाहीत.

ते परीक्षण लिहिणाऱ्या माणसाचा अनुभवही काही कमी नव्हता, असे कागदोपत्री म्हणता येईल. ज्या वर्षी माझा प्रबंध पूर्ण झाला त्याच वर्षी मला मुलगी झाली होती. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात अखेरच्या वाक्यात पत्नीचे आभार आहेत, 'अनेक गैरसोयी सोसल्याबद्दल'. त्या काळातले इतर प्रबंध चाळले तर हे वाक्य जवळजवळ जसेच्या तसे सापडेल. मराठी समीक्षेत तान्ह्या मुलाचा वावर असलाच तर तो या एका शब्दात आहे : गैरसोय.

हा लेख सुचला तो गेल्या वर्षी त्याच मुलीच्या वहीमुळे. तिला मूल झाले तेव्हा तिने एक साधी शालेय वही आखून घेतली होती. तारीख, वेळ, किती मिनिटे, कोणत्या बाजूला पाजले, लंगोट किती वेळा बदलला, केव्हा झोपले, केव्हा उठले. प्रथम मला ती यांत्रिक वाटली. मग पाने उलटताना लक्षात आले की मोजणीच्या या रकान्यांतून अधूनमधून शब्द डोकावतात. पहाटे तीन चाळीसच्या पुढे 'पाऊस' एवढेच. एका ठिकाणी 'आज रडले नाही', आणि कर्ता गाळल्यामुळे कोण रडले नाही हे कळत नाही. एका पानावर वेळा एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत की ती रात्र वाचतानाही दमायला होते. ही वही साहित्य आहे असा दावा मी करणार नाही. पण ओवीच्या मोजणीला जवळचे असे काही मी मुद्रित मराठीत शोधत होतो आणि ते माझ्या घरात, फ्रिजवर ठेवलेले होते.

वही सव्विसाव्या आठवड्यात बदलते. २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने मिळणारी प्रसूतीरजा तेवढी आहे आणि मुलीची रजा त्या दिवशी संपली. पुढची अक्षरे वेगवेगळी आहेत : तिच्या नवऱ्याचे तिरपे, माझ्या पत्नीचे बाळबोध वळणाचे, आणि काही ठिकाणी माझे. माझी पहिली नोंद दुपारची आहे. 'बाळ बराच वेळ अस्वस्थ होते, नंतर शांत झाले,' असे मी सुबक वाक्य लिहिले आहे. वेळेचा रकाना रिकामा आहे. संध्याकाळी मुलीने वही पाहून विचारले, "बाबा, बराच म्हणजे किती? आणि कधी झोपला?" मला आठवेना. तिने पेन्सिलीने तिथे प्रश्नचिन्ह केले आणि मुलाला घ्यायला आत गेली.